जातंय, नाही जात

एकतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात
मी फ्यूज तपासले.
डाव्या हातात पितळी तुकडा, उजव्यात गेज.
गेजचं एक टोक आत जायला हवं, दुसरं जायला नको.
जातंय. नाही जात. जातंय.
तुकडा पुढे कुठे गेला, कोणत्या गोळ्याला बसला,
तो फुटला का,
ते आमच्या टेबलापर्यंत कधी आलं नाही.
मी स्वतः आयुष्यात दिवाळीचा टिकलीचा बार तेवढा उडवला,
तोही कानावर हात ठेवून.

निवृत्तीनंतर बोटं फिरली.
खरंच फिरली, सगळी करंगळीच्या बाजूला,
वाऱ्यानं कललेल्या तुरीसारखी.
धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, नंदागवळीबाई, पकड वापरात ठेवा,
आणि एक पिवळा चेंडू दिला दाबायला.
आठ दिवस दाबला.
नवव्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला दिला. त्याला आवडला.

त्रिमूर्तीनगरात, जुन्या डाळीच्या गोदामात
दहा मीटरची रेंज आहे.
अजून तिथे चण्याचा वास येतो.
वॉचमन म्हणाला, काहून मावशी, कोणाले मारून राहिल्या?
म्हटलं, कागदाले.
शिकवणारी ऋजुता हुमने, वय चोवीस.
तिनं माझं वय विचारलं नाही, हात मागितले,
उलटसुलट करून पाहिले,
भाजीवाल्याकडे आपण वांगी पाहतो तसे.

पहिली रायफल नळी मोडून भरायची.
स्वस्त, मजबूत, सगळे हिच्यावरच शिकतात.
नळी अर्ध्यावर आली आणि मनगट म्हणालं, बस.
कुकरच्या झाकणालाही ते हेच म्हणतं.
दुसरं पिस्तूल, एका दांड्यानं हवा दाबायचं.
उघडताना लोणी. मिटताना अंगठ्याच्या मुळाशी
कोणीतरी सुई मोडली.
तिसरी रायफल सिलिंडरची, हवा आधीच आत,
ओढायचं-दाबायचं काही नाही,
पण उचलली तर दळणाचा डबा.
मग त्याच जातीचं पिस्तूल. किलोभर.
किंमत ऐकून मी स्टुलावर बसले.
ऋजुता म्हणाली, बसूनच मारा, समोर स्टँड देते,
आणि हे क्लबचं आहे, विकत कशाला घेता?

ट्रिगरचा स्क्रू तिनं ढिला केला,
मी मान हलवेपर्यंत, थोडा थोडा.
शिशाचे छर्रे जिऱ्याएवढे,
डिसेंबरच्या सकाळी बोटांना लागतच नाहीत.
पर्समधला भुवयांचा चिमटा काढला.
नळी कायम कागदाकडे, ती म्हणाली,
आणि मन ठरेपर्यंत बोट बाहेर.
हे मी तीनदा म्हणून दाखवलं. तिनं चौथ्यांदा म्हणायला लावलं.

मूठ मात्र जाड. लाकूड तळहातात शिरेना,
मधलं बोट वळसा पुरा करेना.
मी फिरवून पाहिली, पुन्हा लावली,
आणि सवयीनं तोंडातून निघालं:
नाही जात.
ऋजुतानं विचारलं, काय?
कारखान्यात, मी म्हटलं, असं झालं तर
तुकडा लाल डब्यात टाकायचा.
गेज कधी कोणी लाल डब्यात टाकत नाही.
बोलून झाल्यावर मी गप्प बसले जरा वेळ.
तीन वर्षं कपबशीला, कुलपाला, साडीच्या पिनेला
मी उलटाच हिशेब लावत होते.

गिट्टीखदानच्या सुतारानं मूठ तासली.
दोनदा तासली. दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, बाई, हे नेमकं कशाचं हँडल आहे?

शनिवारी पहिला छर्रा सुटला.
आवाज एवढासाच, सुपारी फुटावी तसा.
माझा कागद कोरा.
शेजारच्या लेनमधला पोरगा छिद्रं मोजत होता,
पुन्हा मोजत होता.
दहा मारले सर, तो ओरडला,
अकरा लागले!